चूल तिथे मत

सायखेडकरांच्या घरात भाऊबंदकी सुरू झाली ती सर्वानुमते. एरवी असं होत नाही. वाटणी म्हटली की शब्दाला शब्द लागतो, कुणीतरी भरल्या ताटावरून उठतं आणि पुढे दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. इथे मात्र गुरुवारी संध्याकाळी, कुवैतमधल्या सालमिया भागातल्या फ्लॅटमध्ये, पोहे खाता खाता सगळे वेगळे झाले. वेगळे झाल्याच्या आनंदात प्रसन्नने परत पोहे वाढून घेतले.

निमित्त होतं गोदातीर मंडळाच्या निवडणुकीचं. नाशिककडच्या माणसांनी कुवैतला येऊन काढलेलं हे मंडळ. वर्षातून एक गणपती, एक कोजागिरी आणि उरलेले दिवस रुसवेफुगवे. यंदा अध्यक्षपदाला प्रसन्न उभा होता. खरं म्हणजे त्याला उभं केलं होतं. अरुणकुमारांनी लेकाला न विचारताच त्याचं नाव देऊन टाकलं, आणि तेल कंपनीत माणसांचा तांडा हाकणारा प्रसन्न घरी येऊन ‘बरं बाबा’ म्हणाला. समोर कोण, तर विश्वास. प्रसन्नचा मेहुणा, शर्मिलाचा पाठचा भाऊ.

“सुलैबियात त्याने सात चुली नोंदवल्यात,” अरुणकुमार म्हणाले. “एका खोलीत राहणारी सात पोरं. शेगडी एक आणि मतं सात! याला काय म्हणायचं?”

“विश्वास म्हणायचं,” शर्मिला म्हणाली. “लहानपणी पत्त्यांतसुद्धा असंच करायचा.”

चुलींचं प्रकरण असं, की मंडळाची घटना अरुणकुमारांच्या हातची. माणशी मत त्यांना बाजारू वाटायचं. त्यांनी लिहिलं, एक चूल, एक मत. आता ते मत कुणी द्यायचं? ‘कुटुंबप्रमुख’ हा कचेरीतला शब्द त्यांना नको होता. म्हणून त्यांनी लिहिलं, ‘चूल चालवणारी व्यक्ती’. या तीन शब्दांवर ते इतके खूश होते की पहिल्या सभेत ते त्यांनी दोनदा वाचले होते. चूल चालवणारी व्यक्ती म्हणजे घरात कमावून आणणारा कर्ता पुरुष, हे काही कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सायखेडकरांचं मत त्याप्रमाणे दरवेळी अरुणकुमार देत आले होते, निवृत्त झाल्यावरसुद्धा.

“तो सात करतो, तर आपण तीन का करू नयेत?” त्यांनी विचारलं. “घर एक असलं तरी संसार तीन आहेत. मी, प्रसन्न आणि जयदीप.”

धाकटा जयदीप आणि त्याची बायको शलाका महिनाभरापूर्वी इथे राहायला आले होते. त्यांची हवल्लीची इमारत मालकाने पाडायला काढली होती. नवं घर मिळेपर्यंत म्हणून आले होते आणि आईच्या हातचं खाऊन नवं घर शोधायचं विसरले होते.

“बाबा, हे खोटं आहे,” प्रसन्न म्हणाला.

“खोटं कसं? आपल्या घराण्याची परंपरा आहे. आप्पाजींनी काय केलं होतं?”

सगळ्यांनी पोह्यांत डोकं घातलं. प्रसन्नची सतरा वर्षांची मुलगी क्षितिजा तेवढी मोठ्याने म्हणाली, “ओ गॉड, नॉट द गोठा स्टोरी.”

ही गोष्ट या घरात सत्यनारायणासारखी सांगितली जायची. अरुणकुमारांचे पणजोबा आप्पाजी सायखेडकर. गावाला नवी नगरपालिका मिळाली, नवी निवडणूक आली, आणि मत कुणाला, तर ठरावीक घरपट्टी भरणाऱ्याला. घर मोठं, पण पट्टी एक, म्हणून मत एक. घरात भाऊ पाच. पट्टी ठरवणारा कारकून चुली मोजून घरं मोजायचा, हे आप्पाजींनी हेरलं. कारकून यायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरात चुली मांडल्या. एक पडवीत, एक गोठ्यात, एक जिन्याखाली, एक माळदावर आणि मूळची एक स्वयंपाकघरात. शिवाय परसात एक, कधीच वारलेल्या काकांच्या नावाने. तिच्यातूनही धूर निघत होता. पाच भाऊ आणि एक मयत अशा सहा मतांच्या जोरावर आप्पाजी निवडून आले, आणि गावातल्या पहिल्या दिव्याच्या खांबाला त्यांनी हात लावला. तो खांब पुढे आमच्याच दारात रोवला गेला, असं अरुणकुमार शेवटी सांगत. दरवेळी सांगत.

त्यापुढचं ते सांगत नसत. निवडणूक संपली, चुली मोडून पुन्हा एक करा म्हणून आप्पाजींनी सांगितलं, तर चार भावजया म्हणाल्या, आम्ही नाही मोडणार. सायखेडकर जे वेगळे झाले ते तेव्हापासून.

“आपण मात्र निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या चुली एक करायच्या,” अरुणकुमार म्हणाले. “आधीच सांगून ठेवतो.”

मग वाटप झालं. स्वयंपाकघर प्रसन्न-शर्मिलाचं, कारण घराचा करार त्याच्या नावावर. जयदीपकडे वाळवंटात कश्त्याला, म्हणजे सहलीला, न्यायची छोटी शेगडी होती, ती बाल्कनीत. अरुणकुमार दिवाणखान्यात विजेची शेगडी लावणार. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि शलाकाने सहज विचारलं, “मग आई कुणाच्या चुलीवर?”

नुसती चूल मांडून भागणार नव्हतं. मंडळाची निवडणूक अधिकारी उल्का ओझरकर शनिवारी स्वतः चुली बघायला येणार होत्या, आणि उल्काताई बँकेत ऑडिटला होत्या. चुलीवर काहीतरी शिजायला हवं होतं. या घरात शिजवणारं माणूस एकच होतं.

“आई आमच्याकडे,” प्रसन्न म्हणाला. इतका वेळ हे खोटं आहे म्हणणारा हाच.

“दादा, तुझ्याकडे स्वयंपाकघर आहे. आई तरी आम्हाला दे,” जयदीप म्हणाला.

“अरे, बायको माझी आहे!” अरुणकुमार गरजले.

“म्हणून काय झालं? तुमच्या शेगडीला एकच बटण आहे, बाबा. तुम्हाला जमेल,” जयदीप म्हणाला.

“ताई, तुम्ही बोला ना काही,” शलाका शर्मिलाला म्हणाली. “आईंना काय हवं ते विचारा.”

“मी काय बोलू? मी तर शत्रूची बहीण.”

आई, म्हणजे मंदाताई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला पोह्यांची हळद. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि आपल्यासाठी एवढे लोक भांडताहेत हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, की भांडण आपल्यासाठी नाही, आपल्या हातासाठी आहे.

“मला माझी वेगळी,” त्या म्हणाल्या.

“काय वेगळी?”

“चूल. मोलकरणीच्या खोलीत. तिथे नुसत्या बॅगा पडल्यात. माझी जुनी एकबर्नरची शेगडी माळ्यावर आहे, ती काढून द्या.”

“नवरा जिवंत असताना बायकोची चूल वेगळी?” अरुणकुमारांचा चमचा हातात राहिला. “लोक काय म्हणतील?”

“बाबा,” जयदीप हळूच म्हणाला, “मतं चार होतात.”

अरुणकुमारांच्या चेहऱ्यावर आधी नवरा होता, मग राजकारणी आला. “घटनेत मनाई तर कुठे नाही,” ते म्हणाले. “निवडणुकीपुरतं हं, मंदा.”

मंदाताई ‘बरं’ म्हणाल्या नाहीत. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, यूसुफ सिलिंडर घेऊन वर आला. आधीचा एक, बाल्कनीतला एक आणि हा तिसरा. त्याने नाकाने वास घेतला, बाल्कनीत डोकावला, मोलकरणीच्या खोलीत डोकावला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “हादा मतअम? ममनू!” घरात खानावळ काढलीत काय, चालणार नाही.

“नो मतअम,” शर्मिला म्हणाली. “हादा इलेक्शन.”

यूसुफने जरा विचार केला. त्याच्या गावीही निवडणुका होत असाव्यात, कारण पुढे काही न विचारता तो सिलिंडर लावून गेला.

मग शर्मिला आपल्या स्वयंपाकघरात शिरली. आपल्या! लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ओटा सासूबाईंचा होता. बँकेतून यायचं, हात धुवायचे, गरम पोळी खायची. मैत्रिणी हेवा करायच्या, आणि शर्मिलाही सगळ्यांना सांगायची, माझं भाग्य थोर. आणि तरी कधीतरी रात्री पाणी प्यायला आली की ओट्याकडे बघून तिला वाटायचं, आपण या घरात पाहुण्या आहोत. आज ओटा मोकळा होता. तिने प्रसन्नसाठी डाळ टाकली. फोडणी करायची म्हणून मोहरी शोधली, मग जिरं, मग हिंग. काही मिळेना.

मंदाताईंनी स्वयंपाकघरातून काही नेलं नव्हतं. फक्त मिसळणाचा डबा नेला होता.

तेवढ्यात भावाचा फोन आला. “ताई, तुमच्याकडे चार चुली झाल्या म्हणे?”

“तुझ्या सात ना?”

“माझी गोष्ट वेगळी आहे. मी निवडून आलो की हा चुलीचा नियमच काढून टाकणार. माणशी एक मत. तुलासुद्धा मिळेल.”

“मग त्यासाठी लबाडी कशाला?”

“नियमात राहून नियम मोडता येत नाही गं,” विश्वास म्हणाला. “भावोजींना सांगू नकोस, पण मला भीती वाटते. त्यांच्याकडे आई आहेत. शनिवारी त्यांनी उल्काताईंपुढे थालीपीठ ठेवलं की मी संपलो.”

शर्मिलाने फोन ठेवला. नवऱ्याने जिंकावं असं तिला वाटत होतं. भावाचं म्हणणं तिला पटत होतं. आणि समोर बिनफोडणीची डाळ रटरटत होती. प्रसन्नने ती मुकाट्याने खाल्ली आणि छान झाली आहे म्हणाला. त्यावरून तो राजकारणात टिकेल असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तिकडे बाल्कनीत समुद्रावरचा वारा जयदीपला शेगडी पेटवू देत नव्हता. शलाका आत बसून हवल्लीच्या ओळखीच्या खानावळीला फोन करत होती. “दोन डबे,” ती कुजबुजली. “आणि वर येताना बेल वाजवू नका.”

*

मंदाताईंनी बॅगा भिंतीला लावल्या, चटई घातली, शेगडी मांडली. खोलीला खिडकी एवढीशी, पण होती. आज काय करायचं, हा प्रश्न त्यांनी सवयीने स्वतःला विचारला आणि सवयीने उत्तरं येऊ लागली. प्रसन्नला वांगं चालत नाही. जयदीपला तिखट हवं. क्षितिजाला पास्ता. ह्यांना लसणाचा वास सहन होत नाही. मग एकदम त्यांना आठवलं की यातलं कुणीच आपल्या चुलीवर नाही.

आपल्याला काय आवडतं, ते आठवायला त्यांना चक्क वेळ लागला. मग त्यांनी लसणाचा अख्खा गड्डा सोलला आणि पिठलं केलं. झणझणीत, पातळसर, वर लसणाची फोडणी. माहेरी करायच्या तसं. गरम भातावर घेऊन त्या एकट्याच जेवल्या आणि जेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काही तिखटाने, काही कशाने. त्यांना वाईट वाटत नव्हतं. राग आला होता, आणि तो इतका जुना होता की ओळखू यायला उशीर लागला.

लसणाच्या वासाने घर भरलं. अरुणकुमार नाकाला रुमाल लावून दारात आले. सकाळपासून त्यांनी खाकऱ्यावर भागवलं होतं.

“काय केलंयस?”

“पिठलं.”

“थोडं उरलंय?”

“तुम्हाला लसूण चालत नाही.”

“आज चालेल.”

“तुमची चूल वेगळी आहे,” मंदाताई म्हणाल्या. मग ताटली बाजूला सारून त्यांनी विचारलं, “एक सांगा हो. आप्पाजींची गोष्ट तुम्ही मला लग्नापासून सांगताय. दिव्याचा खांबसुद्धा मला पाठ आहे. त्या चुली पेटवल्या कुणी?”

“कुणी म्हणजे? आप्पाजींनी.”

“आप्पाजींनी फुंकणी धरली होती? गोठ्यात धुरात कोण बसलं होतं? मेलेल्या काकांच्या चुलीत लाकडं कोण सारत होतं?”

“त्यांच्या... त्या बायका असतील. भावजया.”

“त्यातल्या एकीचं नाव सांगा.”

पाचही भावांची नावं अरुणकुमारांना येत होती. मयत काकांचं येत होतं. पट्टी ठरवणाऱ्या कारकुनाचंसुद्धा येत होतं. भावजयांपैकी एकीचंही येत नव्हतं.

“निवडणूक झाली की चूल एक करायची आहे,” ते जाता जाता म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

“ते माझ्या चुलीला विचारून ठरवू,” मंदाताई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

*

उल्का ओझरकर शनिवारी सकाळी आल्या त्या पाणीसुद्धा न घेता. “लाच होते,” त्या म्हणाल्या. “आधी चुली.”

बाल्कनीत जयदीपने भिंतीला पुठ्ठे लावून आडोसा केला होता. मोठ्या मुश्किलीने ज्योत पेटली होती आणि तिच्यावर एक भांडं होतं. भांड्यात काय आहे, हे उल्काताईंनी झाकण काढून पाहिलं. पाणी होतं.

“पाणी शिजवताय?”

“भाताचं आधण आहे,” जयदीप म्हणाला.

“तांदूळ कुठे आहेत?”

जयदीपने शलाकाकडे पाहिलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. बेल वाजवू नका हे खानावळीच्या माणसाला कालच्यापुरतं सांगितलं होतं, आजचं सांगायचं राहिलं होतं. त्याने हवल्लीचे दोन डबे शलाकाच्या हातात दिले.

“माझ्याच्याने खोटं नाही बोलवत,” शलाका म्हणाली, जरी दोन दिवस तिने ते उत्तम केलं होतं. “आम्हाला आमचं घर शोधायला हवं, जयदीप. ही चूल नाही, हा वारा आहे.”

दिवाणखान्यात अरुणकुमारांनी मात्र तयारी चोख ठेवली होती. टेबलावर विजेची चकचकीत शेगडी, वर आईच्या आठवणीचं पितळेचं पातेलं, पातेल्यात दूध. त्यांनी बटण दाबलं. शेगडी पीं पीं करून बंद पडली. पुन्हा दाबलं. पुन्हा पीं पीं.

“आजोबा, इट वोन्ट वर्क विथ पितळ,” क्षितिजा सोफ्यावरून म्हणाली. “स्टील लागतं.”

“मला शिकवू नकोस. अख्ख्या रिफायनरीच्या भट्ट्या चालवल्यात मी!”

“काका, भट्ट्यांना मत नाही,” उल्काताई म्हणाल्या आणि पुढच्या चुलीकडे वळल्या.

स्वयंपाकघर झगझगीत होतं. प्रसन्न बायकोशेजारी अवघडून उभा होता. “ही आमची चूल,” तो म्हणाला. “म्हणजे हिची. म्हणजे मी चालवतो, ही...”

“काय केलंत आज?” उल्काताईंनी शर्मिलाला विचारलं.

शर्मिलाला हो म्हणता आलं असतं. कुकर लावला होता, डाळही होती. नवरा बघत होता. तिने एकदा त्या रिकाम्या फडताळाकडे पाहिलं, जिथे इतकी वर्षं मिसळणाचा डबा असायचा.

“ही चूल माझी नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं आईंची होती. परवापासून कुणाचीच नाही. मी आज ना उद्या शिकेन आणि माझी मांडेन. पण आज माझी आहे असं म्हटलं, तर ते त्यांचं चोरल्यासारखं होईल.”

“शर्मिला!” प्रसन्न म्हणाला. मग त्याचे खांदे खाली आले आणि त्याला बरंच हलकं वाटलं. “बरं झालं,” तो पुटपुटला. “मला अध्यक्ष व्हायचं आहे, पण हे असलं करून नाही.”

शेवटी सगळा जमाव मोलकरणीच्या खोलीपाशी आला. मंदाताई तव्यावर थालीपीठ लावत होत्या. भोकांत तेल चुरचुरत होतं. त्यांनी कुणाकडे वळूनही पाहिलं नाही, कारण थालीपीठ उलटायची वेळ झाली होती. उल्काताईंचं लक्ष तव्यावर खिळलं. त्यांनी आवंढा गिळला, तो सगळ्यांना दिसला.

“या घरात एक चूल आहे,” त्यांनी जाहीर केलं. “ही. म्हणून मत एक. ते मंदाकाकूंचं.”

“माझं,” अरुणकुमार म्हणाले. “या घराचं मत मी देतो. कायम मीच दिलंय.”

“काका, घटना तुम्हीच लिहिलीत. ‘चूल चालवणारी व्यक्ती’.”

“त्याचा अर्थ कर्ता पुरुष! जो चूल चालवतो, म्हणजे जो त्यासाठी कमावतो...”

“इथे तर ‘चालवणारी’ लिहिलंय.”

“ते व्याकरण आहे! व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून चालवणारी!”

“बघा,” उल्काताई म्हणाल्या, “व्याकरणालाही कळलं होतं.” आणि मग अरुणकुमारांचा चेहरा पाहून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “काका, तुमच्यावर राग नाही. सुलैबियालाही हेच केलं. सात चुली सांगितल्या होत्या, निघाली एक. सगळ्यांना आदित्य म्हणून एक मुलगा भात घालतो. मत त्याला दिलं. विश्वासदादा अजून खोलीबाहेर बसलेत.”

त्या निघाल्या. जाताना मंदाताईंनी दिलेलं थालीपीठ त्यांनी घेतलं, निकाल लागून गेल्यावर लाच होत नाही म्हणून.

*

दुपारभर मोलकरणीच्या खोलीबाहेर वर्दळ होती. प्रसन्न आला आणि म्हणाला, आई, तू मला मत दे असं मी म्हणणार नाही, फक्त भूक लागली आहे. विश्वासचा फोन आला. आई, माणशी मताचं तुम्हाला पटतं ना, असं त्याने विचारलं, आणि मंदाताई म्हणाल्या, पटतं, पण तुझ्या लबाडीचं नाही पटत, दोन्हींचा विचार करते. जयदीप-शलाका घर बघायला बाहेर पडले. शर्मिला आली आणि काही न मागता दारात बसून राहिली. मग म्हणाली, “आई, फोडणीत आधी काय घालायचं?” मंदाताईंनी मिसळणाचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि अर्धी मोहरी एका वाटीत काढून तिला दिली. “ही तुझ्या चुलीला,” त्या म्हणाल्या.

अरुणकुमार तेवढे आले नाहीत. दिवाणखान्यातून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता. नाशिकला कुणाशी तरी ओरडून बोलत होते, तिकडचं माणूस बहुधा बहिरं होतं.

संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. चौकटीला हात लावून म्हणाले, “सगुणा.”

“कोण सगुणा?”

“सगळ्यात धाकटी जाऊ. माळदावरची चूल तिची. वडिलांच्या चुलतबहिणीला एवढं एकच नाव माहीत होतं. बाकीच्यांची कुणालाच माहीत नाहीत, मंदा. मी सगळ्यांना फोन केले. दिव्याचा खांब सगळ्यांना माहीत आहे.”

मंदाताईंनी गॅस बारीक केला. या माणसाचा राग यावा तेवढा येत नव्हता, याचाच त्यांना राग आला. पंचेचाळीस वर्षांत त्याने पहिल्यांदा काहीतरी विचारून आणलं होतं, आणि तेही उपाशीपोटी.

“सगुणा,” त्या म्हणाल्या. “चांगलं नाव आहे. तिने नंतर चूल मोडली नाही ना?”

“नाही मोडली.”

“मी पण नाही मोडणार.”

अरुणकुमारांनी मान हलवली. एखाद्या सभेत विरुद्ध ठराव मंजूर झाल्यावर हलवत तशी. मग घसा साफ करून ते म्हणाले, “तुमच्या चुलीवर... एक पान वाढाल का?”

हे ‘तुमच्या’ मंदाताईंनी ऐकलं. चटईचा कोपरा झटकून त्यांनी जागा केली, आणि ते बसल्यावर मेथीची जुडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“हे काय?”

“घरपट्टी. भरल्याशिवाय पान नाही. निवडा.”

“मी? मला कुठे निवडता येते?”

“मेथी निवडता येत नाही आणि लेकाला निवडून आणायला निघाला होतात!”

अरुणकुमारांनी एक काडी उचलली, उजेडाकडे धरली, उलटसुलट पाहिली. पान खुडून टोपलीत टाकायचं की परातीत, यावर त्यांचा बराच वेळ गेला. बाहेरून शर्मिलाच्या फोडणीचा चर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ मोहरी जळल्याचा वास.

“मंदा,” खाली मान घालून ते हळूच म्हणाले, “मत कुणाला देणार आहेस? प्रसन्नला की विश्वासला?”

“गुप्त असतं ते. तुम्हीच लिहिलंय.”

“मला तरी सांग.”

“पानं परातीत, काड्या टोपलीत,” मंदाताई म्हणाल्या. “आणि घाई करू नका. नीट बघून निवडा.”